गियरमध्ये उभी केलेली गाडी

टॅमरॅक बे, मिशिगन
६ एप्रिल १९९७

तौनो भावजी,

नाताळात तुम्ही पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली होती. पोच लिहायची राहून गेली. आर्वो असता तर त्याने दुसऱ्याच दिवशी मला टेबलाशी बसवलं असतं. "धाकटा वाट बघत असेल," म्हणाला असता, आणि स्वतः मात्र भावाला एक ओळ लिहिली नसती.

फोन केला नाही. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी तुमच्या लेकीशी ओरडायचं आणि तिने तुमच्याशी. चाळीस वर्षं हातोडे ऐकलेल्या कानांना पत्रच बरं.

काम आहे. आर्वोची पिकअप शेडमध्ये आहे. नऊ नोव्हेंबरला शेजारच्या ओन्नीने ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. आता शेडसमोरचा बर्फ वितळला. काल मी आत जाऊन बसले. क्लचचं पेडल खाली जमिनीला टेकलेलं आहे. पायाने उचललं तर वर येतं, दाबलं की पुन्हा खालीच राहतं. इंजिन चालू होतं, बॅटरी ओन्नीने चार्ज करून दिली. पण गियर पडत नाही, नुसती करकर.

तुम्ही गॅरेज बंद करून फ्लोरिडाला गेल्यापासून इथे कुणी उरलं नाही. शहरातला माणूस म्हणतो, आणून सोडा, सगळं बदलून देतो. मला बदलायचं नाही. काय बिघडलं, कुठे बिघडलं आणि कधीपासून, एवढं मला कळायला हवं. तुम्ही पायरीपायरीने लिहा, मी बघत जाईन. शाळा आठवीत सुटली असली तरी लिहिलेलं वाचून मला करता येतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते मी मानलं. पण त्या दिवशी ओन्नी माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा होता आणि म्हणाला, "पेडल जमिनीला चिकटलं होतं, सायमा. बिचाऱ्याला गाडी हलवता आली नसेल." ते वाक्य गेले पाच महिने माझ्याबरोबर जेवतं आणि झोपतं. गाडी टेकडीवर होती आणि आर्वो आत बसलेला. तिथून घर सव्वा मैल आहे.

तुमची वहिनी,
सायमा


लेक वर्थ, फ्लोरिडा
१३ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. इतक्या वर्षांत लोकांनी मला एकच विचारलं, गाडी कधी मिळेल. कधीपासून बिघडलं होतं, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तर ऐका. पेडल दाबलं की वरच्या सिलेंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते नळीतून खाली जातं आणि खालच्या सिलेंडरमधला दट्ट्या बाहेर येतो. त्याचा दांडा क्लचचा काटा ढकलतो. झालं. सगळी जादू एवढीच, की तेल दाबून लहान होत नाही. तेल कमी झालं, हवा शिरली किंवा रबर गेलं, की पाय जमिनीपर्यंत जातो आणि खाली काहीच पोचत नाही.

तुम्ही तीन गोष्टी बघा. बॉनेट उघडून तेलाच्या छोट्या डबीचं झाकण काढा. तेल किती आहे, रंग कसा आहे? मग पेडल दहा वेळा भराभर दाबा. कडक होत गेलं तर आत हवा आहे. तिसरं, गाडीखाली शिरा आणि कुणालातरी पेडल दाबायला सांगा. खालच्या सिलेंडरचा दांडा अंगठ्याच्या नखाएवढा तरी हलायला हवा. त्याच्यावरची रबरी टोपी मागे सारून आत ओल आहे का ते बघा. माझी खात्री आहे, तिथेच गळती निघणार. थंडीत तसं होतं.

खाली शिरण्याआधी चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका. आमच्या घरात तो कुणी ओढतच नाही. हिवाळ्यात तार गोठली की चाकं धरून बसतात. बापाने शिकवलं ते असं: गाडी बंद करायची, पहिल्या गियरमध्ये टाकायची, उतार असेल तर पुढची चाकं बांधाकडे वळवायची. ओन्नीने ओढून आणताना न्यूट्रलला ठेवली असेल, ती आधी गियरमध्ये टाका. इंजिन बंद असताना गियरला क्लच लागत नाही.

पेडल दाबायला ओन्नीच्या आइलीला बोलवा. तिचं वजन पेडलला पुरेल. हे तिला सांगू नका.

इथे सगळे आपलेच फिनिश म्हातारे. सकाळी सहाला कॉफी घेऊन बसतात आणि घाम काढणाऱ्या उन्हात बर्फाच्या गोष्टी सांगतात.

तौनो


टॅमरॅक बे
२० एप्रिल

तौनो भावजी,

सांगितलंत तसं केलं. ठोकळे लावले, गियरमध्ये टाकली, जुनी घोंगडी अंथरली आणि आत शिरले. आइलीला वर चढवायला बादली उपडी घालावी लागली.

"आर्वो होता तोवर तू या गाडीचं दार जोरात लावलं नाहीस," ती वरून म्हणाली, "आणि आता तिच्या पोटाखाली झोपतेस."

"पेडल दाब."

"दाबलं."

"सोड."

"मी सोडलं. ते सोडत नाही."

"मग पायाने वर उचल."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाय कुठे कुठे घालू मी, सायमा?"

असं आम्ही सात वेळा केलं. दांडा नखाएवढा नाही, बार्लीच्या दाण्याएवढा हलतो. रबरी टोपी मागे सारली. आत धूळ होती आणि कोळ्याचं जाळं. ओल नाही. मी बोट पुसून दोनदा पाहिलं. भराभर दाबूनही पेडल कडक होत नाही.

डबीतलं तेल खालच्या रेघेच्याही खाली आहे. रंग बाहेरूनच पाहिला, काळपट दिसतो. रस्स्यावर तवंग यावा तसं वर काहीतरी वेगळं वाटतं. झाकण उघडलं नाही, शेडमध्ये धूळ फार होती.

एक सहज विचारते. समजा कुणी त्या डबीत दुसरंच तेल घातलं, तर बिघडायला किती दिवस लागतात?

आइलीने वेलचीच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले आणि ही माझी मजुरी म्हणाली. जाताना दारात थांबून विचारलं, "हे शोधून काय करणार तू?" मी म्हटलं, माहीत नाही. तिने मान हलवली आणि गेली. तिचा ओन्नी संध्याकाळी घरी येतो. तिला शोधावं लागत नाही.

सायमा


लेक वर्थ
२४ एप्रिल

वहिनी,

खालचा सिलेंडर बाहेरून कोरडा असला तरी आतून गेलेला असू शकतो. नळीही तुंबते. अशा जुन्या गाडीत सगळंच थोडं थोडं झिजलेलं असतं, कुठल्या एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मला वाटतं, आता तुम्ही हे सोडून द्यावं. गाडी ओन्नीला द्या, त्याला सुट्या भागांना होईल.

आर्वो गेला. गाडीचं पोट उघडून तो सापडणार नाही.

इथे बरं आहे. खोकला कमी आहे.

तौनो


टॅमरॅक बे
३० एप्रिल

तौनो भावजी,

आर्वो सापडावा म्हणून मी गाडी उघडत नाही. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. चर्चच्या मागे, तिसरी रांग, देवदाराच्या बाजूने. तुम्ही अजून पाहिलेलं नाही, म्हणून सांगते.

इथे बुधवारी पुस्तकांची गाडी येते. वीस वर्षं मी त्या बाईंकडून प्रवासवर्णनं नेते, ध्रुवाकडची आणि वाळवंटातली. गेल्या बुधवारी गाडी दुरुस्तीचं पुस्तक मागितलं तर तिने चष्म्यावरून बघितलं. चारशे पानं आहेत. क्लचची चौदा मी तीन तीनदा वाचली. अडलेला शब्द आला की वहीत लिहून पुढे जाते. दुसऱ्या वाचनात तो आपोआप सुटतो.

त्या चौदा पानांतली पहिली पायरी अशी आहे: गाडीत बसा, वाका, पेडलचा दांडा जिथे भिंतीत शिरतो तिथे बोट लावा. ओलं असेल तर वरचा सिलेंडर मागच्या बाजूने गळतो आहे.

मी बोट लावलं. ओलं आहे. खालचा गालिचा उचलला तर तोही चिकट, आणि तिथला रंग बर्चच्या सालीसारखा सुटून वर आलेला. क्लचमध्ये ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं, हेही पुस्तकात आहे. एवढा रंग एका दिवसात जात नाही.

तुमच्या पत्रात ही पायरी नाही. पुस्तकात ती पहिली आहे. तुम्ही ती विसराल, असं मला वाटत नाही.

मागच्या जुलैत तुम्ही आला होतात. एक दुपार तुम्ही दोघं भाऊ शेडमध्ये होतात. मी कॉफी घेऊन आले तेव्हा बाकावर काहीतरी खोललेलं होतं आणि तुम्ही त्यावर फडकं टाकलंत. मला वाटलं, ट्रे ठेवायला जागा करून देताय.

काय होतं ते?

सायमा


लेक वर्थ
१० मे

वहिनी,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

तो वरचाच सिलेंडर होता. आर्वो म्हणाला, पेडल जरा मऊ लागतं, तू आला आहेस तर बघ. मी खोलला. आतली भिंत गुळगुळीत हवी, आरशासारखी. मी करंगळी फिरवली तर नखाला खड्डे लागत होते. असा सिलेंडर फेकून द्यायचा असतो. गॅरेजात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवलं, आणि कुणी घासून पुन्हा बसवला तर त्याला शिव्या दिल्या.

नवा यायला आठवडा लागला असता आणि माझं परतीचं तिकीट परवाचं होतं. मी खड्डे पॉलिश पेपरने घासले, नवं रबर घातलं आणि बसवून टाकला. आर्वोने विचारलं, "चालेल ना रे?" मी म्हणालो, "तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल." तो हसला. तेवढ्यात तुम्ही कॉफी घेऊन आलात.

नव्या रबराची धार त्या खड्ड्यांवर दोन-तीन महिन्यांत गेली असणार. तेल त्याच्या पायाशी झिरपत राहिलं.

नोव्हेंबरात ओन्नीने माझ्या लेकीला फोन केला, तेव्हा पेडलची गोष्टही सांगितली. लेकीने ती मला कागदावर लिहून दाखवली. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. अंत्यविधीला येत नाही, फुप्फुसं बरी नाहीत, असं तुम्हाला कळवलं. फुप्फुसं ठीक होती, वहिनी. तिकीटही काढलं होतं. विमानतळावर जाऊन बसलो आणि परत आलो. त्याच्या शेडच्या समोरून चालत मला चर्चपर्यंत जाता आलं नसतं.

तुम्ही एप्रिलमध्ये लिहिलंत, काय बिघडलं आणि कधीपासून, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय आणि माझ्या तोंडून वदवून घेताय. म्हणून तुम्हाला गाडीखाली पाठवलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला ओल्या जमिनीवर, जिथे काही सापडणार नाही हे माहीत असताना.

आता काय म्हणायचं ते म्हणा.

तौनो


टॅमरॅक बे
१५ मे

तौनो भावजी,

तुमचं पत्र मी पत्रपेटीपाशीच उभ्याने वाचलं. मग घरी येऊन कॉफी टाकली आणि पुन्हा वाचलं. मला राग आला नाही. मी चुलीशी बसून राहिले, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की मी एकटी नाही. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही.

तुम्ही समजलात, मी वदवून घेतेय. मी मात्र प्रत्येक पत्र टाकताना घाबरत होते, की या वेळी हे ओळखतील. मी विचारलं होतं, दुसरंच तेल घातलं तर काय होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मला वाटलं, तुम्ही ओळखलंत आणि माझी लाज राखलीत.

ऑक्टोबरमध्ये आर्वोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन आठवडे वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका सकाळी म्हणाला, क्लचच्या डबीतलं तेल उतरलेलं असेल, शेल्फवर डावीकडून दुसऱ्या बरणीतलं घाल. ते शेल्फ तुम्ही पाहिलं आहे. उरलेलं काही फेकायचं नाही, सगळं कॉफीच्या रिकाम्या बरण्यांत, आणि एकीवरही चिठ्ठी नाही. "वासाने कळतं," म्हणायचा. तुमच्या आईच्या तळघरातही असंच होतं, मला आठवतं.

पण सप्टेंबरात ते शेल्फ मी पुसलं होतं. अकरा बरण्या खाली काढल्या आणि अकरा वर ठेवल्या. कुठल्या क्रमाने, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

मी डावीकडून दुसरी घेतली. शेडच्या दारातून उंच धरून विचारलं, "हीच ना?" तो पायरीवर बसला होता, डोळ्याला पट्टी. म्हणाला, "डावीकडून दुसरी म्हटलं ना." मी ओतलं. झाकण लावताना बोटांना ट्रॅक्टरचा वास आला. मी हात धुतले आणि गप्प बसले, कारण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, एवढंही जमत नाही का तुला. एवढ्याच्या भीतीने गप्प बसले, भावजी. बेचाळीस वर्षांत त्याने मला असं फार तर चारदा म्हटलं असेल.

पुस्तकात लिहिलं आहे, ट्रॅक्टरचं तेल त्या डबीत गेलं तर रबर फुगतं. झाकणाच्या आत एक रबरी चकती असते, ती आधी फुगते. आत काय दिसेल या भीतीनेच एप्रिलमध्ये मी झाकण उघडलं नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर उघडलं. चकती पाण्यात राहिलेल्या बिस्किटासारखी वाकडी झालीये आणि झाकणात परत बसतच नाही. आतलं रबरही तसंच फुगलं असणार. म्हणून पेडल खाली गेलं की वर येत नाही.

तर असं आहे. तुमच्यामुळे तेल उतरलं, आणि उतरलेलं तेल मी भरलं. त्याला टेकडीवर दुखायला लागलं असेल. त्याने घराकडे निघायला पेडल दाबलं असेल आणि ते तिथेच राहिलं असेल. मी तेव्हा खाली घरात होते. तो दुकानात कॉफी पीत बसला असेल, असं समजत होते.

सायमा


लेक वर्थ
१९ मे

वहिनी,

तुमचं पत्र घेऊन बाहेर झाडाखाली बसलो. दुपार गेली. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा मेकॅनिकसारखा विचार केला.

गॅरेजात गाडी आली की मी बॉनेटला हात लावायच्या आधी माणसाला विचारायचो: तू काय करत होतास, आणि तेव्हा काय झालं? अर्धा बिघाड तिथेच सापडतो. इथे विचारायला माणूस नाही, म्हणून आपण दोघं गाडीलाच विचारत राहिलो. आणि दोघांना आपापलं उत्तर आधीच माहीत होतं.

ओन्नीला विचारा. चावी कुठे होती? फिरवलेली होती का? गियर कुठला होता? पुढची चाकं कुठे वळलेली होती? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: त्याने दार उघडलं तेव्हा, कशालाही हात लावायच्या आधी, पेडल वर होतं की खाली?

दुसरं. आर्वो सतरा वर्षांचा असताना लाकूडतोडीच्या कॅम्पातला एक ट्रक त्याने आठवडाभर क्लचशिवाय चालवला होता, ओंडक्यांनी भरलेला. मी बाजूला बसायचो. अवघड काही नाही. इंजिन बंद असताना पहिल्या गियरमध्ये टाकायची आणि चावी फिरवायची. स्टार्टरच गाडीला ढकलतो, दोन-तीन गचके बसतात आणि ती चालायला लागते. थांबायच्या जरा आधी पाय उचलून न्यूट्रलला ओढायची. टेकडीवरून घर म्हणजे सगळा उतार. निघायचं असतं तर तो मेलेल्या क्लचनेही घरी आला असता.

हे मला नोव्हेंबरात सुचायला हवं होतं. भीतीने माणसाचं डोकं बंद होतं.

तौनो


टॅमरॅक बे
२५ मे, रविवार

तौनो भावजी,

ओन्नीकडे मी गुरुवारी गेले. तो मासळीचं जाळं दुरुस्त करत होता. मी तुमचं पत्रच समोर धरलं आणि एकेक वाचून विचारलं.

"चावी? वर होती," तो म्हणाला. "ऊन अडवायच्या फळीत खोचलेली, नेहमीसारखी. मीच काढून तुझ्या टेबलावर ठेवली ना."

"गियर?"

"पहिला. चाकं बांधाकडे. तुमच्या घरचे सगळे तशीच लावतात."

"आणि पेडल?"

त्याने हातातली सुई खाली ठेवली. "पेडल वर होतं, सायमा. ट्रॅक्टरला बांधायला गियर काढायचा होता. मी सवयीने दाबलं, ते खाली गेलं आणि वर आलंच नाही."

"मग तू असं का म्हणालास? बिचाऱ्याला गाडी हलवता आली नसेल?"

"काहीतरी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "तू माझ्याकडे बघत होतीस."

आइली चुलीपाशी होती. तिने न विचारताच माझ्यासाठी कप काढला.

म्हणजे त्याने गाडी उभी केली होती. बंद केली, गियरमध्ये टाकली, चाकं वळवली, चावी वर खोचली. सगळं नीट, घाई नाही. गाडीतल्या त्याच्या कॉफीच्या थर्मासचं झाकणही घट्ट लावलेलं होतं. तो थर्मास मी त्याच आठवड्यात धुऊन ठेवला. आत किती कॉफी उरली होती ते पाहिलं नाही. आता त्याचं वाईट वाटतं.

क्लच आपण दोघांनी बिघडवला, ते खरंच आहे. पण त्याने तो दाबलाच नाही. तुमच्या पाकिटातला तो कागद जाळून टाका.

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नका. ओन्नीच्या घरून चालत येताना मला हलकं वाटायला हवं होतं, आणि मला रडू आलं. सहा महिने मी आर्वोला घरी यायला निघालेला धरून होते. गाडी अडली म्हणून आला नाही, माझ्यामुळे अडली. ते ओझं होतं, पण त्यात तो माझ्याकडे येत होता. आता कळलं, की तो निघालाच नव्हता. घर सव्वा मैलावर असताना तो थांबून बसला. दोन दिवस मी हेच मनात उलटसुलट करत होते. मी काही त्याची कुणी नव्हते का, की मला हाक मारायलाही त्याला यावंसं वाटू नये?

काल शनिवार. या वर्षी वसंत उशिरा आलाय, बर्चच्या कळ्या फुगल्यात पण पान फुटलेलं नाही. आठवडाभरात फुटेल. मी विचार केला, नऊ नोव्हेंबरलाही शनिवारच होता आणि झाडं अशीच उघडी होती. जायचं तर आजच.

अकराला नेहमीसारखा शनिवारच्या वाफेच्या अंघोळीसाठी सौना पेटवला आणि गाडीत बसले. पहिला गियर, चावी. तुम्ही गचके म्हणालात, पण किती मोठे ते लिहिलं नाहीत. शेडच्या बाहेर पडताना शेल्फवरच्या बरण्या वाजल्या. सगळा रस्ता मी पहिल्या गियरमध्ये गेले, चालत्या माणसाच्या वेगाने. ओन्नीच्या फाट्याला वळसा घातला, म्हणजे गाडीचं तोंड घराकडे झालं, आणि टेकडीवर बांधाजवळ आणून चावी बंद केली. ती गियरमध्येच होती. चाकं वळवली. चावी वर खोचली. हँडब्रेकला हात लावला नाही.

मग मी समोर बघितलं.

झाडांच्या उघड्या फांद्यांतून आपलं छप्पर दिसतं, भावजी. आणि त्याच्या डावीकडे सौन्याचं धुराडं. वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता.

बेचाळीस वर्षं दर शनिवारी तो सौना मी पेटवला आहे. त्याचा धूर टेकडीवरून दिसतो, हे मला माहीत नव्हतं. कसं असणार? शनिवारी अकराला मी नेहमी खालीच असायचे.

त्याने कधी सांगितलं नाही. तो सांगणारा नव्हता. पण शनिवारी तो आला की मी टॉवेल काढून ठेवत असे, आणि मला वाटायचं, हा नेमका वेळेवर कसा येतो.

मी तिथे तासभर बसले असेन. काय विचार केला ते सांगता येणार नाही, फार काही केला नाही. धूर पातळ व्हायला लागला तेव्हा लाकूड घालायला हवं म्हणून निघाले.

उताराने गाडी मजेत आली. थांबताना मात्र चुकले. न्यूट्रलला ओढायला उशीर झाला, गाडीने सौन्याच्या दाराशी दोन आचके दिले आणि बंद पडली. आइली टॉवेल घेऊन पायरीवर बसली होती. म्हणाली, "आत घेऊन जाणार होतीस का?"

उद्या आम्ही दोघी फुलं घेऊन चर्चच्या मागे जाणार आहोत. तुमच्या नावानेही ठेवीन. जुलैत तुम्ही स्वतः या. शेडसमोरून जावं लागणार नाही, मी बागेच्या बाजूने नेईन तुम्हाला. वरचा सिलेंडर आणलात तर बसवू, नाही आणलात तरी चालेल.

गाडी अजून सौन्याच्या दाराशीच आहे, पहिल्या गियरमध्ये. चावी कुठे असेल ते तुम्हाला माहीत आहे.

सायमा